डोंगरावरचा वारा मोजायचा म्हणजे नेमकं काय मोजायचं?

अनुवात (धागाकर्ता)

सपाट माळरानावर वारा मोजणं तुलनेने सोपं असतं. १० मीटरचा मनोरा उभारायचा, आसपास झाडं-इमारती नाहीत एवढं पाहायचं, आणि मिळालेला आकडा भोवतालच्या काही किलोमीटरच्या टापूला लावायचा. डोंगरात हीच सवय अंगलट येते. माथ्यावरचा मनोरा फक्त माथ्याबद्दल सांगतो, उतारावरचा त्या उताराबद्दल. दोघांत अंतर चारपाचशे मीटरचं असलं तरी रात्री त्यांचे वारे एकमेकांच्या उलट दिशेने वाहत असू शकतात. उपकरणं दोन्ही बिनचूक असतात, पण एका आकड्यावरून दुसऱ्या जागेबद्दल काहीच बोलता येत नाही.

माझं म्हणणं असं, की डोंगरातल्या मोजमापाची खरी अडचण उपकरणाच्या अचूकतेची नाही. मोजलेला आकडा किती जागेचा, किती वेळाचा आणि कोणत्या प्रक्रियेचा, हे आधी न ठरवता उपकरण लावलं जातं, ही आहे.

सुरुवात करायला ॲस्कर्वेनसारखं उदाहरण नाही. स्कॉटलंडच्या पश्चिमेला साउथ यूइस्ट बेटावर ११६ मीटर उंचीची ही एकटी टेकडी आहे. आकार गुळगुळीत, झाडं नाहीत, आणि समुद्रावरून येणारा वारा थेट अंगावर. १९८२ आणि १९८३ साली तिच्यावर सुमारे पन्नास मनोरे रोवून वारा मोजला गेला. माथ्यावर जमिनीपासून १० मीटरवर वारा, टेकडीच्या अलीकडच्या सपाटीवर तेवढ्याच उंचीवर असलेल्या वाऱ्यापेक्षा जवळजवळ ८० टक्के जास्त निघाला. अवघी ११६ मीटरची टेकडी! बुटक्या टेकड्यांवर वारा कसा वाढतो याच्या, जॅक्सन आणि हंट यांनी १९७५ मध्ये मांडलेल्या सिद्धान्ताशी माथ्यापर्यंतचे आकडे छान जुळले. माथा ओलांडून आडोशाच्या बाजूला गेलं की मात्र घडी विस्कटली. तिथे वारा मंदावतो, अधूनमधून जमीन सोडतो, उलटतो आणि पुन्हा चिकटतो. अशा ठिकाणी दहा मिनिटांची सरासरी काढली तर जो आकडा येतो, तसा वारा त्या दहा मिनिटांत बहुतेक कधी वाहिलेलाच नसतो.

नंतर डेन्मार्कमध्ये रोस्किल्ड फियॉर्डमधल्या बोलुंड नावाच्या छोट्याशा उंचवट्यावर २००७-०८ मध्ये मोजमाप झालं. उंची फक्त १२ मीटर, पण एका बाजूला उभा कडा. मोजलेले आकडे झाकून ठेवून जगभरच्या मॉडेलवाल्यांना आधी अंदाज द्यायला सांगितलं. पन्नासहून अधिक अंदाज आले, आणि एकाच कड्याबद्दल त्यांच्यात केवढी तफावत! ज्यांना भोवऱ्यांचं तपशीलवार गणित करणारी महागडी मॉडेलं नेहमीच वरचढ ठरतील असं वाटतं, त्यांनी तो निकाल जरूर पाहावा. तिथे यादीत वरच्या जागा साध्या सरासरी समीकरणांवर चालणाऱ्या मॉडेलांनी पटकावल्या.

लायडार (लेसरने दुरूनच वारा मोजणारं उपकरण), मनोरे, फुगे, ग्लायडर, ज्यांचा ज्याच्याशी संबंध आहे त्यांनी सविस्तर लिहावं.

घाटवाट

विषय आवडला. माझा प्रश्न सरळ आहे. आता जमिनीवर ठेवायचे लायडार मिळतात. उंच मनोऱ्याचा खटाटोप न करता ते २०० मीटरपर्यंतचा वारा सांगतात. मग मनोरे हवेतच कशाला?

किरणमाप

घाटवाट, लायडार वारा थेट मोजत नाही, इथून सुरुवात करू. हवेतल्या धूलिकणांवरून परत आलेल्या लेसरच्या वारंवारतेतला फरक पाहून तो फक्त किरणाच्या दिशेतला वेग मोजतो, म्हणजे कण आपल्याकडे येतात की दूर जातात एवढंच. आडवा वारा हवा असेल तर किरण तिरपे सोडायचे, चारही दिशांना किंवा शंकूसारखे फिरवत, आणि त्यांतून गणिताने वेग काढायचा. या गणितात एक गृहीतक दडलेलं असतं: त्या शंकूच्या वर्तुळात सगळीकडे वारा सारखाच आहे.

किरण उभ्या रेषेपासून २८ अंश कललेला असेल, तर १०० मीटर उंचीवर समोरासमोरच्या किरणांमधलं अंतर साधारण १०६ मीटर होतं. सपाटीवर त्याने काही बिघडत नाही. आता हाच लायडार टेकडीच्या माथ्यावर ठेवा. वारा येतो त्या बाजूच्या किरणाला हवा वर चढताना भेटते, पलीकडच्याला खाली उतरताना. समजा चढ सेकंदाला पाव मीटर आणि उतारही तेवढाच. चढणारी हवा लायडारपासून दूर जाते, त्यामुळे वाऱ्याकडच्या किरणाला हवा जवळ येण्याचा वेग कमी दिसतो. उतरणारी हवा लायडारकडे येते, म्हणून पलीकडच्या किरणाला दूर जाण्याचा वेगही कमी दिसतो. दोन्ही चुका एकाच बाजूला झुकतात. आकडेमोड केली तर आडवा वारा ०.४७ मीटर प्रतिसेकंद एवढा कमी निघतो. खरा वारा १० असेल तर लायडार ९.५ दाखवणार.

पाच टक्के म्हणजे किरकोळ वाटेल. पण पवनचक्कीच्या दृष्टीने वाऱ्यातली ऊर्जा वेगाच्या घनाप्रमाणे बदलते, म्हणजे ऊर्जेत १३-१४ टक्क्यांची घट. शिवाय ही चूक यादृच्छिक नाही. महिनाभर मोजा नाहीतर वर्षभर, सरासरीने ती पुसली जात नाही.

निंबोणी

किरणमाप, छान समजावलंत. पण मग शंकू अरुंद करता येईल ना? किरण जवळजवळ आले की दोन्ही एकाच हवेत राहतील. २८ ऐवजी १५ अंश ठेवले तर?

किरणमाप

निंबोणी, हा प्रश्न पडायलाच हवा. शंकू अरुंद केला की दोन किरणांमधलं अंतर कमी होतं, म्हणून चढ-उतारातला फरकही कमी होतो, हे खरं. पण त्याच वेळी किरण जास्त उभे झाल्यामुळे आडव्या वाऱ्याचा त्यांच्यावर पडणारा वाटाही तितकाच घटतो, आणि तो परत मिळवायला गणितात जास्त मोठ्या संख्येने गुणावं लागतं. माथ्यावर उभा वेग आडव्या अंतराबरोबर एका दराने बदलतो असं धरलं, तर अंतिम चूक म्हणजे तो दर गुणिले उंची. त्यात कोन येतच नाही! १५ अंश ठेवा की ३०, चूक तीच. उलट अरुंद शंकूत उपकरणातला गोंगाट वाढतो, तो तोटा वेगळा.

वाटा दोनच. पहिली, प्रवाहाचं मॉडेल चालवून चूक दुरुस्त करणं. पण ज्याची पारख करायची त्याच मॉडेलने मोजमाप सुधारलं, तर मोजमाप स्वतंत्र उरत नाही. दुसरी, दोन किंवा तीन लायडार लांबलांब ठेवून त्यांचे किरण हवेत एकाच बिंदूवर आणणं. मग सारखेपणाचं गृहीतक लागत नाही, आणि बिंदू वर-खाली सरकवत नेला तर हवेत आभासी मनोराच उभा राहतो. किंमत अचूक नेमाची: ३ किलोमीटरवर ०.१ अंश चुकलं तर बिंदू ५ मीटरने सरकतो. शिवाय उंच डोंगरातली हवा खूप स्वच्छ असेल तर परावर्तन करायला कणच पुरेसे नसतात, आणि नेमका सर्वांत चांगल्या दिवशी संकेत क्षीण होतो.

म्हणून मनोरे हवेत. निदान एक तरी, ज्याच्याशी लायडार ताडून पाहता येईल.

सांख्यिक

मनोऱ्याचं कौतुक चाललंय म्हणून त्याच्यावरच्या सोनिक ॲनिमोमीटरबद्दल लिहितो. तो ध्वनीच्या स्पंदांना दोन टोकांमध्ये जायला लागणाऱ्या वेळेवरून वाऱ्याचे तिन्ही घटक काढतो, सेकंदाला १० ते २० वेळा. हवेतली उष्णता, बाष्प आणि संवेग वर-खाली किती वाहतो, हे काढायचं तर याला पर्याय नाही.

पण आधी सांगा, वर म्हणजे कुठे? सपाटीवर प्रश्नच येत नाही. उतारावर मात्र वारा उताराला समांतर वाहतो. उपकरण गुरुत्वाच्या रेषेत उभं असेल, तर उतारावरून जाणाऱ्या सरळसोट वाऱ्याचाही मोठा हिस्सा त्याला उभा वारा म्हणून दिसतो. मनोरा नुसता १ अंश कलला तरी ५ मीटर प्रतिसेकंद वाऱ्यात जवळजवळ ९ सेंटीमीटर प्रतिसेकंद उभा वेग उगाच दिसतो, आणि हवेचा खरा सरासरी उभा वेग बहुधा त्याहून कमीच असतो. मनोऱ्याची केबल रात्रीच्या थंडीने थोडी ताणली गेली तरी खेळ संपला.

म्हणून अक्ष फिरवावे लागतात. एक रीत अशी, की दर अर्ध्या तासाच्या सरासरीत उभा वेग शून्य येईल असे अक्ष फिरवायचे. दुसरी रीत विल्झॅक, ऑन्क्ली आणि स्टेज यांनी २००१ मध्ये मांडली: कित्येक आठवड्यांच्या आकड्यांना एकच पृष्ठ जुळवायचं आणि त्या पृष्ठाला लंब ती वरची दिशा मानायची. डोंगरात मी दुसरीच वापरीन. पहिलीत उभा वेग दर अर्ध्या तासाला सक्तीने शून्य केला जातो, आणि खरोखर हवा वर चढत असेल तर तीही पुसली जाते. ज्याचा शोध घ्यायचा तेच पुसून टाकायचं!

उतारवारा

सांख्यिक, इथे थोडा मतभेद. एकच पृष्ठ जुळवणं टेकडीवर टिकत नाही, कारण जमीनच वक्र असते. पश्चिमेच्या वाऱ्याला समोर २० अंशांचा चढ, उत्तरेच्या वाऱ्याला धारेवरचा सपाट भाग. दोघांना एकच पृष्ठ कसं चालेल? वाऱ्याच्या दिशेप्रमाणे भाग पाडून प्रत्येकाला वेगळं पृष्ठ जुळवावं लागतं. त्यातही २ मीटरवरच्या उपकरणाला जवळच्या जमिनीचा उतार दिसतो आणि ३० मीटरवरच्याला अख्ख्या डोंगराचा. एकाच मनोऱ्यावर दोन वेगवेगळ्या 'वरच्या' दिशा निघतात, आणि दोन्ही आपापल्या उंचीला बरोबर असतात.

त्याहून अवघड गोष्ट रात्रीची. सूर्य कलला की उतार झपाट्याने थंड होतो, त्याला चिकटलेली हवा जड होऊन उताराने खाली ओघळू लागते. या ओघळवाऱ्याचं गणित प्रांट्ल यांनी १९४२ मध्येच मांडलं होतं. जमिनीला टेकलेला वेग शून्य, थोडं वर गेलं की एकदम वाढतो, कमाल गाठतो, आणि पुन्हा घटतो. ही कमाल तीव्र उतारावर बहुतेक वेळा जमिनीपासून एक-दोन ते काही मीटरवरच असते.

आता १० मीटरचा प्रमाण मनोरा आठवा. तो मोजतोय त्या झोताच्या डोक्यावरची हवा! रात्रभर आकडा येतो, मंद वारा आणि भरकटती दिशा, आणि अहवालात लिहिलं जातं, 'वारा पडलेला.' त्याच वेळी गुडघ्याएवढ्या उंचीवर थंड हवेचा लोंढा खोऱ्याकडे निघालेला असतो. आणखी एक भानगड अशी, की वेगाची कमाल जिथे असते तिथे संवेगाच्या प्रवाहाचं चिन्हच बदलतं. कमालीच्या खाली एक उपकरण आणि वर एक असेल, तर दोघांनी काढलेला जमिनीचा घर्षणताण परस्परविरोधी येतो. जमिनीलगतच्या थरात प्रवाह उंचीबरोबर फारसा बदलत नाही, या गृहीतकावर सपाटीचं बहुतेक शास्त्र उभं आहे. इथे तो काही मीटरमध्ये दिशा बदलतो.

सरासरीचा वेळही बघा. दिवसा ३० मिनिटं ठीक. रात्री स्थिर हवेत खरे भोवरे मिनिटाभराचे असतात, आणि अर्ध्या तासात खोऱ्यातल्या हवेचं संथ हेलकावणंही मिसळतं. त्याला खळबळ समजून मोजलं की प्रवाह फुगतो.

रानपाखरू

+१. वाचनखूण साठवली आहे. उतारवारा, थंड हवा खाली जाऊन साचते तिथे काय होतं, तेही लिहा.

उतारवारा

रानपाखरू, खोऱ्यात किंवा बंद खळग्यात ती साचते आणि रात्रभर आणखी थंड होते. अमेरिकेत युटामधल्या पीटर सिंक्स या खळग्यात १ फेब्रुवारी १९८५ रोजी उणे ५६.३ अंश सेल्सियस नोंदलं गेलं. खळग्याला बाहेर पडायला वाट नसली, आकाश निरभ्र असलं आणि वारा पडलेला असला, की काय होऊ शकतं त्याचा हा नमुना.

अभ्यासाच्या दृष्टीने मला ॲरिझोनातलं उल्काविवर त्याहून मोलाचं वाटतं. सुमारे १.२ किलोमीटर व्यासाचं, १७० मीटर खोल, जवळजवळ गोल. ऑक्टोबर २००६ मध्ये तिथे मोहीम झाली. अपेक्षा अशी, की रात्री तळापासून काठापर्यंत हवा थराथराने ऊबदार होत जाईल. प्रत्यक्षात तळाशी पातळ अतिथंड थर, आणि त्याच्यावर जवळपास काठापर्यंत एकसारख्या तापमानाची हवा सापडली. बाहेरच्या मैदानावरून ओघळत आलेली थंड हवा काठ ओलांडून आत पडत होती आणि आतली हवा ढवळत होती. विवराच्या मधोमध एकच मनोरा असता तर हे कळलंच नसतं. काठावर, भिंतीवर आणि बाहेर एकाच वेळी मोजलं म्हणून कळलं. २०१३ मध्ये याच काठावरून कोसळणाऱ्या झोतांसाठी दुसरी मोहीम काढावी लागली.

उंचझेप

तुम्ही सगळे जमिनीलगत आहात, मी जरा वर नेतो. ग्लायडरवाल्यांना डोंगराची लहर, म्हणजे डोंगर ओलांडलेला वारा पलीकडे लाटेसारखा वर-खाली होतो ती, शास्त्रज्ञांच्या बरोबरीनेच सापडली. १९३३ मध्ये वुल्फ हर्थ रीझेनगेबिर्ग डोंगरांच्या आडोशाच्या बाजूला याच लहरीवर चढले, आणि योआखिम क्यूटनर यांनी ग्लायडरमधूनच तिचा अभ्यास केला. क्यूटनर पुढे कॅलिफोर्नियातल्या १९५१-५२ च्या सिएरा वेव्ह प्रकल्पातही होते. सिएरा नेवाडाचा कडा ओवेन्स खोऱ्यावर जवळजवळ ३ किलोमीटर उंच उभा आहे, लहरीसाठी याहून चांगली प्रयोगशाळा नाही.

लहरीची लांबी साध्या हिशोबाने काढता येते. वाऱ्याचा वेग गुणिले २π, भागिले हवेची स्थिरता (वर-खाली ढकललेली हवा किती जोमाने मूळ उंचीला परतते, ते). वारा २० मीटर प्रतिसेकंद आणि स्थिरता ०.०१ प्रतिसेकंद घेतली तर साडेबारा किलोमीटर. आता त्यातून रेडिओसाँडचा, म्हणजे हवेची मोजमापं रेडिओने खाली पाठवणाऱ्या उपकरणाचा, फुगा सोडा. तो सेकंदाला ५ मीटर चढतो, म्हणजे १० किलोमीटर चढायला अर्ध्या तासाहून थोडा जास्त वेळ, आणि तेवढ्यात वारा त्याला ४० किलोमीटर पुढे नेतो. तीन लहरी पार करून! कागदावर आपण त्याला उभा आलेख म्हणून काढतो, पण तो असतो लहरींमधून गेलेला तिरपा छेद. जाणकार याचाच फायदा घेतात: फुगा नेहमीच्या वेगापेक्षा जलद चढला तिथे हवा वर जात होती, मंदावला तिथे खाली.

लहरीखालचा भोवरा मात्र जीवघेणा. २५ एप्रिल १९५५ रोजी याच खोऱ्यावर लॅरी एडगर यांचं संशोधनाचं ग्लायडर भोवऱ्यात सापडून हवेतच तुटलं. ते पॅराशूटने वाचले. ५ मार्च १९६६ रोजी फुजी पर्वताच्या आडोशाला बीओएसी या ब्रिटिश विमानकंपनीचं फ्लाइट ९११ हे प्रवासी विमान असंच हवेत तुटलं, त्यातलं कुणी वाचलं नाही. २००६ च्या मार्च-एप्रिलमध्ये ओवेन्स खोऱ्यात टी-रेक्स नावाची मोहीम निघाली ती मुख्यतः या भोवऱ्यासाठीच. विमानं वरून उडत होती आणि भोवऱ्याच्या आतलं चित्र जमिनीवरचे लायडार टिपत होते. माणसाने आत जाऊन मोजायची जागाच नाही ती.

आणि चांगली बाजूही सांगतो. २ सप्टेंबर २०१८ रोजी पर्लान-२ हे इंजिनाविना विमान दक्षिण अँडीजच्या लहरींवर ७६,१२४ फुटांवर गेलं, म्हणजे २३ किलोमीटरच्या वर.

घाटवाट

बर्फाचं काय? माथ्यावरची उपकरणं गोठतात ना?

सांख्यिक

गोठतात. कप असलेल्या वातमापकावर धुक्यातलं बर्फ साचलं की तो आधी जड होतो, मग थांबतो, आणि नोंदीत 'शून्य' येतं. हे शून्य खऱ्या शांततेच्या शून्यासारखंच दिसतं. म्हणून शेजारी तापमान आणि आर्द्रता हवीच, म्हणजे संशयास्पद शून्य गाळता येतात. अमेरिकेतल्या माउंट वॉशिंग्टनवर १२ एप्रिल १९३४ रोजी ताशी २३१ मैलांचा झोत, म्हणजे ३७२ किलोमीटर, नोंदता आला तो खास तापवलेला वातमापक होता म्हणून.

निंबोणी

मग या सगळ्याला एकत्र आणणारी मोहीम झाली आहे का? मनोरे, लायडार, फुगे, सगळं एकाच डोंगरावर?

किरणमाप

निंबोणी, पोर्तुगालमधलं पर्दिगाव. जवळपास समांतर दोन धारा, मध्ये खोरं, धारांमधलं अंतर सुमारे १.४ किलोमीटर. २०१७ च्या मे-जूनमध्ये तिथे सुमारे पन्नास मनोरे उभे होते, त्यांतले तीन १०० मीटरचे, आणि त्यांच्या जोडीला एकमेकांच्या किरणांना छेद देणारे कितीतरी लायडार. धारांची जोडी घेण्यात मोठी हुशारी आहे. रात्री वारा ५ मीटर प्रतिसेकंद आणि स्थिरता ०.०२ असेल, तर उंचझेप यांच्याच हिशोबाने लहर निघते १.६ किलोमीटरची, धारांमधल्या अंतराच्या अगदी जवळ. म्हणजे पहिल्या धारेने उठवलेली लहर दुसऱ्या धारेशी जुळते की फटकते, हे वाऱ्याच्या थोड्याशा बदलावर ठरतं. आणि त्याच वेळी खाली खोऱ्यात थंड हवा खोऱ्याच्या लांबीच्या दिशेने, म्हणजे वरच्या वाऱ्याला आडवी, वाहत असते. एवढ्या दाट जाळ्याशिवाय हे तिन्ही थर एकत्र दिसले नसते.

आल्प्समध्ये १९९९ च्या मॅप मोहिमेने पाऊस आणि खिंडीतले वारे हाताळले होते. टीमएक्स या मोहिमेने २०२४-२५ मध्ये तिथेच पुन्हा मोजमाप केलं, या वेळी डोंगर आणि वरचं वातावरण यांच्यातल्या देवाणघेवाणीसाठी.

रानपाखरू

पन्नास मनोरे कुणाला परवडणार! समजा एक लहानसं खोरं आहे, हाताशी एक सोनिक आणि थोडे तापमापक आहेत. कुठे लावाल?

उतारवारा

रानपाखरू, आधी प्रक्रिया ठरवा. रात्रीचा ओघळवारा आणि साचणारी थंड हवा बघायची असेल, तर मी सोनिक १० मीटरवर लावणार नाही. उताराच्या मध्यावर, जिथे वरच्या बाजूला निदान काहीशे मीटर एकसारखा उतार आहे तिथे, २ मीटरवर लावीन आणि त्याच खांबावर अर्धा, एक, चार आणि आठ मीटरवर तापमापक. झोताची कमाल सोनिकच्या वर आहे की खाली, याचा अंदाज त्या तापमानांच्या चढणीवरून बांधता येतो.

उरलेले तापमापक खोऱ्याच्या तळापासून धारेपर्यंत एका बाजूच्या उतारावर ओळीने, ठरावीक उंचीच्या फरकाने. रात्री खोऱ्यातली हवा आडवी जवळपास सारखी असते, त्यामुळे भिंतीवरची ही ओळ फुग्याने काढलेल्या उभ्या आलेखाच्या बरीच जवळ येते, आणि फुगा दर तासाला सोडता येत नाही, ही ओळ मात्र दर मिनिटाला सांगते. दिवसा तिच्यावर विसंबू नका. ऊन पडलेला उतार खोऱ्याच्या मधल्या हवेपेक्षा बराच गरम असतो. शक्य असेल तर ओळ सकाळी उशिरा ऊन पोचणाऱ्या उतारावर लावा, म्हणजे थंड हवेचा थर फुटतानाचे पहिले एक-दोन तासही वापरता येतात. आणि प्रत्येक तापमापकाच्या आवरणात छोटा पंखा बसवा. रात्री हवा हलत नसली की उघडं आवरण स्वतःच आकाशाकडे उष्णता फेकून थंड होतं, आणि तापमापक हवेऐवजी स्वतःच्या आवरणाचं तापमान सांगतो.